तिसरी रेघ

टिकारामांच्या शब्दाला गावात वजन होते. ते वजन त्यांनी आपल्या पोरीच्या पारड्यात टाकले तेव्हा दामिनीला आभाळ ठेंगणे झाले. आंबागडच्या डोंगराखालचे ते गाव; तलावाखाली ज्यांच्या ज्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरे होती, ते सगळे तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, जमले होते. मृग लागायचा होता. टिकाराम उभे राहून सांगत होते, "यंदा तलावाखाली कोणी जुना धान लावाचा नाई. आपल्या दामिनीचं बियाणं लावाचं. मी सोता घरचा जुना धान भरडून टाकून राहिलो. तुमी बी टाका."

दामिनी नागपूरला एका प्रयोगशाळेत कामाला होती. धानाची जनुके तपासणे हे तिचे काम. लग्न होऊन ती नागपूरकर झाली होती, पण मन अजून तलावाखालीच घुटमळायचे. संकरित धानाचे बियाणे दरवर्षी बाहेरून येते आणि गाव ते मुकाट विकत घेते, हे तिला खुपत होते. तेच बियाणे गावाने का करू नये? ही कल्पना तिने बापाला सांगितली आणि बापाने ती उचलून धरली. एरवी टिकाराम कुणाची कल्पना उचलून धरणाऱ्यांतले नव्हते.

पण गाव म्हणजे काही टिकाराम नव्हेत. कलाबाईने पदर खोचून विचारलेच, "काय व दामिनी, दोन मरतुकडे धान घेतेस, अन् त्याईचं पोरगं पयलवान होते म्हणतेस. ते कसं व?"

"काकू, झाडाजवळ हरेक कामाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक मायनं देल्ली, एक बापानं. शुद्ध वाणात दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच, मंग एक फाटकी असली का दुसरी बी तिथंच फाटकी. पण माय एका वाणाची अन् बाप दुसऱ्या वाणाचा असला, का मायची जिथं फाटली तिथं बापाची धड निघते. बापाची फाटली तिथं मायची. पोरगं दोघाईपेक्षा जोमानं वाढते."

"म्हणजे आमच्या घरावानी," कलाबाई म्हणाली. "मालक येडा, मी झाकून घेतो."

सगळी पाळ हसली. दामिनीही हसली आणि भरात येऊन म्हणाली, "एवढंच नाई काकू. कुठं कुठं दोन वेगळ्या चिठ्ठ्या एकत्र आल्या का त्याईतून तिसरंच काही चांगलं होते. कोणतं जनुक कधी जागं व्हाचं अन् कधी निजाचं, हे बी बदलते. पण ते नेमकं कसं होते, हे मोठ्या मोठ्या लोकाइले बी अजून पुरतं उमजलं नाई."

मग तिने अट सांगितली. मादी म्हणून लावायच्या वाणाचे स्वतःचे पराग मेलेले असतात. त्यामुळे वाऱ्यावर जो पराग येईल तो ती घेते. आपला कोण, परका कोण, हे ती ओळखत नाही. म्हणून हाकेच्या अंतरात दुसरा कुठलाही धान एकाच वेळी फुलावर यायला नको. एवढे पाळले तर सगळे साधेल, नाहीतर सगळे पाण्यात.

ही अट सगळ्यांत जड गेली ती कृष्णरावांना. कृष्णराव म्हणजे एकटा जीव. बायको गेलेली, मूलबाळ नाही, आणि जवळ काय तर आजापासून चालत आलेला वासाचा धान. त्यांच्या घरी भात शिजला की शेजारपाजारच्या पोरांना भूक लागायची. त्यांनी थोडा वेळ जमिनीकडे पाहिले आणि म्हणाले, "टिकारामभाऊ भरडून राहिले तं मी बी भरडतो." बियाण्याचा धानही त्यांनी गिरणीत नेला आणि वर्षभर खाल्ला. एक दाणा मागे ठेवला नाही.

पावसाळा चांगला झाला. मादीच्या ओळी, मध्ये नराच्या ओळी, अशी तलावाखाली शिस्त लागली. धान फुलावर आला तसे रोज सकाळी ऊन तापले की बायामाणसे दोर घेऊन उतरायची. दोराचे एक टोक बांधीच्या एका धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, दुसरे समोरच्या धुऱ्यावर. दोर नराच्या लोंब्यांवरून ओढत न्यायचा, की परागाची पिवळी धूळ उडून मादीवर बसायची. एका टोकाला टिकाराम असायचे आणि दुसऱ्या टोकाला कृष्णराव. दामिनी सुट्टी काढून आली की धुऱ्यावर उभी राहून ते दोन म्हातारे एका दोराला बांधल्यासारखे चालताना पाहायची. आपण काहीतरी चांगले केले, असे तिला मनापासून वाटायचे.

बियाणे तयार झाले. ते घ्यायला एक संस्था कबूल झाली होती, पण तिची अट होती की नमुना आधी उन्हाळी धानात लावून दाखवायचा. टिकारामांच्या विहिरीजवळच्या बांधीत नमुना लावला. रोपे जोमात उठली, आणि त्यांतही काही झाडे अशी उठली की बघत राहावे. उंच, काळपट हिरवी, बुंध्याशी मनगटासारखी जाड. टिकाराम येणाऱ्याजाणाऱ्याला तीच झाडे दाखवायचे. "पाय, माह्या पोरीचं बियाणं! जसा का ऊस!"

दामिनीला मात्र त्या झाडांची धास्ती वाटायला लागली होती. एका बियाण्याची झाडे एका उंचीची हवीत. लोंब्या बाहेर पडल्या आणि तिची भीती खरी ठरली. बाकीच्या झाडांच्या लोंब्या दाण्यांनी वाकल्या. या धिप्पाड झाडांच्या लोंब्या मात्र आभाळाकडे ताठ. चिमटीत धरून दाबावे तर नुसते टरफल.

"ह्याईत दाणा काहून नाई व?" कलाबाईने विचारले.

दामिनीने सांगितले ते असे. मादीच्या अंगात जो दोष असतो, ज्याने तिचे पराग मरतात, तो पोरात उतरतो. कारण पेशीला बळ पुरवणारा जो भाग, तो फक्त मायकडून येतो. आपण निवडलेल्या नरात तो दोष दुरुस्त करणारे जनुक आहे. दुसऱ्या कुणा धानात ते असेलच असे नाही. परका पराग पडला तर पोर वाढते झकास, संकराचा सगळा जोम त्याच्या अंगात येतो, पण त्याच्या पोटी दाणा धरत नाही. म्हणजे कुणीतरी तलावाखाली दुसरा धान लावला होता.

संस्थेने बियाणे नाकारले. एवढ्या मेहनतीचा धान शेवटी तुमसरच्या गिरणीत साध्या धानाच्या भावाने गेला. आणि गावाला आता फक्त एक नाव हवे होते. ते शोधायला लांब जावे लागले नाही. जुन्या धानावर जीव कुणाचा? कृष्णरावांचा. भरडून टाकणे सगळ्यांत जड कुणाला गेले? कृष्णरावांना. "माह्या घरी एक दाणा नाई गा, येऊन पाहून घ्या," ते सांगत सुटले. तर लोक म्हणाले, लपवला असल म्हणून नाई. कृष्णरावांच्या डोक्यावर खापर फुटले, आणि ते फोडणाऱ्यांना टिकारामांनी अडवले नाही. एवढेच म्हणाले, "घाई नोको. दामिनी तपासून सांगन." नाकारलेल्या बियाण्याला जबाबदार कोण ते ठरवायचे, आणि जो असेल त्याची तलावाच्या पाण्याची पाळी बंद करायची, अशी सभा ठरली. पाळी गेली की धान गेला. कृष्णरावांना दुसरे काही नव्हते.

दामिनी त्या वांझ झाडांची पाने घेऊन नागपूरला गेली. पानांतून डीएनए काढायचा, त्यातला ठरावीक तुकडा यंत्रात वाढवायचा आणि जेलीसारख्या वडीवर वीज सोडून पळवायचा. उजेडात धरले की प्रत्येक झाडाच्या रेघा दिसतात. चांगल्या संकरित झाडाच्या दोन रेघा येतात, एक मायची, एक बापाची. वांझ झाडांतही मायची रेघ जागेवर होती. बापाची मात्र नव्हती. तिच्याऐवजी खाली, भलत्याच जागी, तिसरी रेघ उमटली होती.

कृष्णरावांच्या धानाचा डीएनए तिच्याकडे होता. एम.एस्सी.ला असताना तिने त्यांच्याकडचे मूठभर दाणे नेऊन कुटले होते, आणि त्याच्या अर्काची इवलीशी नळी अजून शीतकपाटात होती. आजापासून चालत आलेल्या त्या धानाचे जगात आता तेवढेच उरले होते, आणि त्यातून रोप उगवणार नव्हते. तिने तो अर्क शेजारी लावून पाहिला. रेघ जुळली नाही. आणखी जागा तपासल्या, तरी जुळली नाही. कृष्णराव निर्दोष होते.

तिने आनंदाने बापाला फोन केला. टिकारामांनी आधी विचारले, अजून कुणाला सांगितले का. मग म्हणाले, "बरं झालं. पण कोणाले सांगू नोको अजून. बाकीच्याईचे नमुने ने, मंग एकदमच सांगू." तिला ते पटले. ती गावात आली, घरोघर जाऊन भरडलेल्या जुन्या धानाचे उरलेसुरले तांदूळ मागितले. स्वतःच्या घरचेही मागितले, कारण उद्या कुणी बोट दाखवायला नको. टिकारामांनी स्वतः कोठीत हात घालून पुडी बांधून दिली. "हा आपला. गेल्या सालचा उरला होता थोडासा."

ती निघाली तेव्हा उषाबाईंनी, तिच्या आईने, नेहमीप्रमाणे तिची ओटी भरली. नारळ, खण आणि ओंजळभर तांदूळ. बसमध्ये ओटीच्या गाठोड्याचा वास आला तेव्हा दामिनीला लहानपणचा सणासुदीचा भात आठवला. हा धान आईच्या माहेरचा, पवनीकडून आलेला. गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. घरात त्याला पवनीचाच धान म्हणायचे. हा तर बाबांनी भरडून टाकला होता. बापाने दिलेली पुडी तिने उघडून हुंगली. तिला वास नव्हता.

घरोघरचे नमुने तिने यंत्रात घातले. बापाची पुडी घातली. एकही जुळला नाही. मग ओटीतले चार तांदूळ कुटून घातले. घालताना तिला स्वतःचीच लाज वाटली. आईने भरलेली ओटी, आणि आपण ती तपासतो आहोत. रेघ आली तेव्हा ती वांझ झाडांच्या तिसऱ्या रेघेच्या अगदी सरळ ओळीत होती. दुसऱ्या जागी पाहिले, तिथेही तसेच. जिथे जिथे पाहिले तिथे तसेच. दामिनी स्टुलावर बसली.

सभेच्या दिवशी सकाळीच ती गावी पोचली. आई मागच्या वाडीत भाजी तोडत होती.

"माय, माह्या ओटीतला तांदूळ कुठचा?"

"घरचा."

"पवनीचा धान तं बाबांनी भरडला होता ना? हा नवा तांदूळ हाये."

उषाबाईंचा हात थांबला. "मंग काय तुह्या ओटीत इकतचा तांदूळ घालू? रानाकडच्या बांधीत लावला होता थोडासाच. तुह्या बाबानं म्हटलं, पोट्टीले सांगजो नोको."

रानाकडची बांधी तलावाच्या पाटालाच लागून होती. रानडुकरांसाठी तिला चारी बाजूंनी जुन्या साड्यांचे कुंपण बांधलेले, त्यामुळे आत काय लावले ते बाहेरून दिसत नसे. मागच्या पावसाळ्यात दामिनीने विचारले होते, तेव्हा बाबांनी सांगितले होते की तिथे नुसती तूर आहे. ती तिकडे गेली. टिकाराम तिथेच होते, साडीची सुटलेली गाठ बांधत.

"बाबा, तिसरी रेघ आपली हाये."

त्यांनी नाही म्हटले नाही. तेवढे तरी त्यांच्याकडून झाले.

"काहून?" दामिनी म्हणाली.

"हे पाय पोरी, मी काही सैतान नोहो. तुह्या शास्त्रावर माहं घर कसं सोडू? फसलं असतं तं घरात बियाण्याचा दाणा राहाले पायजे का नाई? एवढ्याशा बांधीनं काही होईन, असं मले वाटलं नाई."

"मंग लोकाइले भरडाले काहून लावलं? कृष्णाकाकानं तुमच्या शब्दावर भरडला. त्याईचा धान गेला, बाबा. सपला."

"मी भरडतो म्हटलं नसतं तं कोणीच भरडलं नसतं. तुहं बियाणं लागलंच नसतं. तुह्यासाठीच बोललो ना मी?"

"अन् माह्या हातात खोटी पुडी देल्ली, ते बी माह्यासाठी?"

टिकारामांनी गाठ आवळली. "कृष्णरावचं काय, एकटा माणूस. दोन दिवस लोक बोलतीन. मले या गावात तोंड दाखवाचं हाये, तुह्या भावाचं लगन कराचं हाये. तू गप राय. सभेत मी सांभाळून घेतो."

दामिनी पाठ वळवून पाटाच्या कडेने चालू लागली. ज्या माणसाने चौथीत तिला धुऱ्यावर बसवून धानाचे फूल उकलून दाखवले, ज्याने तिच्या पदवीचा फोटो मोठा करून ओसरीत लावला, त्याने तिच्या कामावर कधी विश्वासच ठेवला नव्हता. पाळीवर तो बोलला ते सगळे खोटे होते. आणि वर त्या खोट्याला तिचेच नाव. तिला बापाची चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची कीव आली. टिकारामांना वाटले, पोरगी समजली.

सभा पाळीवर, तुडुमाजवळ भरली. तुडूम म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे तोंड. कृष्णराव एका बाजूला एकटे बसले होते. त्यांच्या जवळची जागा आपोआप मोकळी राहिली होती. टिकाराम उठले.

"मले लय वाईट वाटून राहिलं," ते म्हणाले. "कृष्णराव माह्यासंगं दोर ओढणारा माणूस. पण आता शास्त्रापुढं आपलं काय चालते? दामिनीनं नागपूरले तपासलं. वासाचाच धान निघाला."

वासाचाच निघाला होता, यात खोटे काही नव्हते. टिकारामांची हुशारी ती हीच. सगळ्या माना कृष्णरावांकडे वळल्या आणि दामिनी उभी राहिली.

"वासाचा हाये, पण कृष्णाकाकाचा नाई," ती म्हणाली. आवाज फाटत होता, तरी ती थांबली नाही. "आमच्या घरचा हाये. रानाकडच्या बांधीतला. माह्या बाबानं लावला होता, साड्याईच्या आड. काकाची रेघ येगळी हाये. मी सोता पाह्यली."

टिकाराम चिडतील, ओरडतील असे तिला वाटले होते. ते हसले. पोर अडखळून पडल्यावर मोठी माणसे हसतात तसे.

"पोरगी हाये," ते लोकांना म्हणाले. "मन हळवं हाये, कृष्णरावची दया येऊन राहिली तिले. अन् त्या रेघाईचं काय, तुमीच पाह्यलं ना? तिचंच बियाणं, तिचंच शास्त्र, अन् निघालं काय? टरफल. एकदा चुकली, दुसऱ्यांदा बी चुकू शकते."

दोन-चार जण हसले. दामिनीला कुणी अंगावर राख ओतल्यासारखे झाले. बियाणे बापाने नासवले, आणि त्या नासलेल्या बियाण्याचीच साक्ष बाप तिच्याविरुद्ध काढत होता.

कृष्णरावांनी तिच्याकडे पाहिले. "बाई, माह्या धानाची रेघ हाये तुह्याजवळ?"

"हाये काका."

"उगवन का?"

"नाई काका."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा जमिनीकडे पाहायला लागले.

"ज्याईले वाटते कृष्णरावची पाण्याची पाळी बंद व्हावी, त्याईनं हात वर करा," टिकाराम म्हणाले.

माणसांचे हात वर गेले, काही पटकन, काही शेजाऱ्याकडे पाहून. बायांचे गेले नाहीत. कलाबाईने हात मांडीवरच ठेवला होता आणि ती उषाबाईंकडे पाहत होती. हळूहळू सगळ्याच बाया उषाबाईंकडे पाहायला लागल्या. घरातल्या कोठीत कोणता धान आहे, हे घरच्या बाईला ठाऊक नसेल तर कुणाला? पाळीवरचे अर्धे हात त्या एका हातासाठी अडून होते, हे टिकारामांनाही कळले, कारण पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.

दामिनीने आईकडे पाहिले. सकाळी वाडीत हीच बाई तिच्यापाशी खरे बोलली होती. एक नुसती नकाराची मान हलवायची, एवढेच. माय, एवढेच कर.

उषाबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला आणि हात वर केला.

मग कलाबाईचा हात गेला, मग बाकीच्या बायांचे. टिकारामांनी मोजलेसुद्धा नाही. लोक उठले, कपडे झटकत पांगायला लागले. कृष्णराव बसूनच राहिले. उषाबाई दामिनीच्या जवळून जाताना क्षणभर थांबल्या, तिच्याकडे न पाहता.

"उपाशी जाऊ नोको," त्या म्हणाल्या. "भात मांडला हाये."